फाटकावरची पाटी : श्वान-उद्यानाच्या इतिहासाविषयी

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी येतो तेव्हा त्याच्यासोबत फक्त एक कुत्रा उरलेला असतो. इंद्र त्याला रथात बसायला सांगतो. मात्र कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, असेही बजावतो. युधिष्ठिराने दिलेल्या नकाराची ही कथा आपण धर्मनिष्ठेची कथा म्हणून वाचत आलो आहोत आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यातील एका तपशिलाकडे सहसा आपले लक्ष जात नाही. तो कुत्रा युधिष्ठिराने पाळलेला नव्हता; पांडव नगर सोडून निघाले तेव्हा तो आपण होऊन त्यांच्या मागे चालू लागला होता. इंद्राच्या नियमात मात्र अशा कुत्र्यासाठी शब्दच नाही. त्याचा नियम 'कुत्रा असलेल्या माणसां'विषयी बोलतो.

सार्वजनिक जागांच्या फाटकांवरील पाट्यांचा इतिहास पाहू लागलो की हीच उणीव पुन्हा पुन्हा आढळते. 'कुत्र्यांना प्रवेश नाही' किंवा 'कुत्र्यांचे स्वागत आहे' या दोन्ही पाट्या वाचायच्या असतात त्या कुत्र्याच्या मालकाने. ज्याला मालक नाही त्याच्याशी त्या बोलत नाहीत. गेल्या काही वर्षांत आपल्या महानगरांतही कुत्र्यांसाठी राखीव उद्याने असावीत, अशी मागणी होऊ लागली आहे. ही कल्पना कोठे जन्मली, कोणत्या झगड्यांतून घडली आणि तिच्या पोटात कोणती गृहीते दडलेली आहेत, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

१

सार्वजनिक उद्यान ही संस्था तशी अलीकडची. राजेरजवाड्यांच्या बागा आणि शिकारीची राने पुष्कळ होती; परंतु कोणाही नागरिकाने यावे, बसावे, फिरावे अशी आखलेली हिरवी जागा ही प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाची निर्मिती होय. लंडनचे रीजंट्स पार्क मूळचे राजघराण्याच्या मालकीच्या जमिनीवरचे. जॉन नॅशने त्याची आखणी केली आणि १८३५ पासून त्याचा काही भाग सर्वसामान्यांसाठी खुला होऊ लागला. १८४७ मध्ये लिव्हरपूलजवळ बर्कनहेड येथे सार्वजनिक पैशातून उभारलेले उद्यान खुले झाले. ते पाहून प्रभावित झालेल्या फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेडने पुढे कॅल्व्हर्ट व्हॉक्स याच्यासह न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. या उद्यानांमागे दोन हेतू होते. कोंदट वस्त्यांतील लोकांना मोकळी हवा मिळावी हा पहिला. आणि बागेत वावरता वावरता त्यांना शिस्तशीर वर्तनाचे वळण लागावे हा दुसरा. गवतावर चालू नये, फुले तोडू नयेत, कुत्रा साखळीने बांधलेला असावा, हे नियम या दुसऱ्या हेतूतून आले.

या शिस्तीचे सर्वांत मार्मिक चित्र इतिहासग्रंथांत नाही, ते व्हर्जिनिया वुल्फच्या 'फ्लश' या १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आहे. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट (पुढे ब्राउनिंग) हिच्या स्पॅनियल जातीच्या कुत्र्याचे हे काल्पनिक चरित्र आहे. खेड्यातील शेतांतून मोकळा धावलेला फ्लश लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर येतो. रीजंट्स पार्कमधील गवत आणि झाडे पाहून तो धाव घेऊ पाहतो, तोच गळ्यातली साखळी त्याला मागे खेचते. जेथे फुलांचे ताटवे, डांबरी वाटा आणि चकचकीत टोप्या घातलेले रखवालदार असतात तेथे कुत्र्याला साखळी असते, हे समीकरण तो हळूहळू शिकतो. पुढे बॅरेट-ब्राउनिंग दांपत्य इटलीला जाते आणि तेथे फ्लशला साखळीविना हिंडता येते. साखळी सुटते तशी लंडनमध्ये त्याच्या मनात रुजलेली जातकुळीची उतरंडही गळून पडते.

'फ्लश'मध्ये आमच्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक धागा आहे. लंडनमध्ये कुत्रे चोरून खंडणी मागणाऱ्या टोळ्या होत्या आणि खरा फ्लशही एकाहून अधिक वेळा चोरला गेला होता. १८४६ मध्ये त्याला सोडवण्यासाठी सहा गिनी मोजाव्या लागल्या. विंपोल स्ट्रीटचा सुखवस्तू कुत्रा व्हाइटचॅपेलच्या दैन्यात जाऊन पडतो, तेव्हा एकाच शहरातील दोन जगे वाचकासमोर उभी राहतात. साखळी ही येथे बंधन आहे तसेच ती संरक्षणही आहे. हा कुत्रा कोणाचा तरी आहे, याची ती खूण आहे. ज्याच्या गळ्यात ती नाही त्याचे काय करायचे, याचे उत्तर व्हिक्टोरियन इंग्लंडने कायद्याने दिले. रेबीजच्या भीतीने १८८० आणि १८९० च्या दशकांत तेथे मुसक्या बांधण्याचे हुकूम निघाले, बेवारशी कुत्रे पकडून मारले गेले आणि १९०२ पर्यंत तेथील कुत्र्यांतून हा रोग नाहीसा झाला. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हे यश निःसंशय मोठे होते. मात्र त्यानंतर तेथील रस्त्यावर कायद्याने मान्य असा कुत्रा एकाच प्रकारचा उरला : मालक असलेला. युरोप-अमेरिकेतील पुढची सारी चर्चा याच कुत्र्याविषयी आहे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२

कुत्र्याला साखळीतून सोडण्यासाठीच राखलेली जागा म्हणजे आजच्या अर्थाने श्वान-उद्यान. त्याचा आरंभ सामान्यतः कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात १९७९ साली झाला, असे मानले जाते. ही घटना एकटी सांगितली तर श्वानप्रेमी मंडळींच्या हौसेची वाटेल. परंतु त्या जमिनीचा आधीचा दशकभराचा इतिहास पाहिला की चित्र बदलते.

बर्कली विद्यापीठाने १९६७ मध्ये शहरातील काही घरे ताब्यात घेतली आणि पुढे पाडली. जागा पडून राहिली. एप्रिल १९६९ मध्ये विद्यार्थी आणि रहिवासी यांनी तेथे आपण होऊन झाडे लावली, हिरवळ घातली आणि त्या जागेला 'पीपल्स पार्क' असे नाव दिले. १५ मे १९६९ रोजी पहाटे पोलिसांनी ती जागा रिकामी करून कुंपण घातले. दुपारी निदर्शकांवर गोळीबार झाला. त्यात जखमी झालेला जेम्स रेक्टर हा तरुण चार दिवसांनी मरण पावला. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी शहरात नॅशनल गार्डचे सैनिक उतरवले. मूळ जागेतून हुसकावलेल्या लोकांनी मग शहरातील दुसऱ्या एका पडीक पट्ट्यावर झाडे लावायला घेतली. जमिनीखालून जाणाऱ्या 'बार्ट' या रेल्वेसाठी घरे पाडून मोकळा झालेला हा पट्टा. लोक त्याला 'पीपल्स पार्क अ‍ॅनेक्स' म्हणू लागले. पुढे तो शहराने उद्यान म्हणून स्वीकारला आणि त्या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेल्या ओलोनी जमातीचे नाव त्याला देण्यात आले. याच ओलोनी पार्कच्या एका कोपऱ्यात कुंपण घालून, प्रयोग म्हणून, १९७९ मध्ये कुत्र्यांना मोकळे सोडण्याची परवानगी मिळाली.

सार्वजनिक जमीन कोणाची, या प्रश्नावर जेथे रक्त सांडले त्याच शहरात, त्याच चळवळीने राखलेल्या जमिनीवर पहिले श्वान-उद्यान उभे राहिले. यात आम्हांला केवळ योगायोग दिसत नाही. पडीक जागा लोकांनी ताब्यात घ्यायची, राबून तिला रूप द्यायचे आणि मग शासनाकडून मान्यता मिळवायची, ही रीत बर्कलीकरांना अंगवळणी पडलेली होती. कुत्रेवाल्यांनीही तेच केले. त्यांनी संघटना स्थापन केली, देखरेखीचे काम वाटून घेतले, जागा स्वच्छ ठेवण्याची हमी दिली. निरपेक्षपणे तेथे राबलेल्या मार्था स्कॉट बेनेडिक्ट या बाईंचे नाव पुढे त्या आवाराला अधिकृतपणे देण्यात आले. उद्यानाला राजाचे किंवा देणगीदाराचे नाव देण्याची प्रथा जुनी आहे. झाडलोट आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव मिळणे विरळाच.

मात्र जमिनीच्या या इतिहासात एक मौनही आहे. ज्यांचे नाव उद्यानाला दिले त्या ओलोनी लोकांकडून ती भूमी केव्हाच गेली होती. आणि मूळचे पीपल्स पार्क, जेथे पुढील काळात अनेक बेघर माणसे आश्रयाला राहिली, ते विद्यापीठाने जानेवारी २०२४ मध्ये मालवाहू कंटेनरांची भिंत उभारून बंद केले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील बांधकामाचा मार्ग मोकळा केला.

३

न्यूयॉर्कची वाट वेगळी होती. तेथे वाद पेटला तो विष्ठेवरून. १९७० च्या दशकात दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलेल्या त्या शहराचे पदपथ घाणीने भरले होते. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या 'टोक्सोकॅरा' या जंतामुळे लहान मुलांच्या डोळ्यांना इजा होऊ शकते, हा मुद्दा फ्रॅन ली या ग्राहक-हक्क कार्यकर्तीने लावून धरला. मुले आधी, कुत्री नंतर, असा तिच्या मोहिमेचा आशय होता. अखेर मालकाने आपल्या कुत्र्याची घाण स्वतः उचलली पाहिजे, असा राज्याचा कायदा १ ऑगस्ट १९७८ पासून अमलात आला. अनेकांनी त्याची टिंगल केली. असा कायदा पाळला जाणे अशक्य आहे, असे म्हटले गेले. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी पाळला गेला, कारण त्याची अंमलबजावणी पोलिसांपेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेने केली. आजच्या श्वान-उद्यानाचा सगळा डोलारा याच सवयीवर उभा आहे. कुत्र्याला मोकळीक हवी असेल तर मालकाने वाकले पाहिजे, हा तो करार होय.

या कराराची दुसरी बाजू त्याच शहरातील टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये दिसली. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातील हे उद्यान १९८० च्या दशकात बेघरांचे आश्रयस्थान झाले होते. ऑगस्ट १९८८ मध्ये रात्री उद्यान बंद ठेवण्याच्या निर्णयावरून तेथे पोलीस आणि निदर्शक यांच्यात मोठी चकमक झाली. १९९० मध्ये त्याच उद्यानात कुत्र्यांसाठी कुंपणाचा आवार सुरू झाला. जून १९९१ मध्ये बेघरांना बाहेर काढून उद्यान दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले. ते १९९२ मध्ये पुन्हा उघडले. भूगोलज्ञ नील स्मिथ याने या घटनाक्रमाचा अभ्यास केला आहे. त्याने टिपलेला एक तपशील विसरता येत नाही : उद्यान बंद असतानाही पोलिसांच्या पहाऱ्यात जी मोजकी प्रवेशद्वारे उघडी होती त्यांत मुलांच्या खेळाच्या जागेची होती, आणि एक कुत्र्यांच्या आवाराचे होते.

या तपशिलावरून कुत्रेवाल्यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांपैकी कितीतरी जण साधे भाडेकरू होते, आणि आवार त्यांनी स्वतःच्या मेहनतीने उभारला होता. तरीही ज्या माणसाला घर नाही त्याला फाटक बंद आणि ज्या कुत्र्याला घर आहे त्याला ते उघडे, ही वस्तुस्थिती उरते. प्रवेशाचा निकष माणूस की जनावर हा नव्हताच. पाठीशी पत्ता आहे की नाही, हा होता.

४

अशा उद्यानांचे व्यवस्थापन कसे चालते, हे थोडक्यात पाहिले तर हा निकष अधिक स्पष्ट होतो. प्रवेशाला दुहेरी फाटक असते. एक लावल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, म्हणजे मोकळा कुत्रा रस्त्यावर निसटत नाही. लहान आणि मोठ्या कुत्र्यांचे आवार वेगळे असतात. हिरवळ फार काळ टिकत नाही : मूत्रातील नत्राने गवत जळते, सततच्या धावपळीने माती घट्ट होते, पावसात चिखल होतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी लाकडाचा चुरा, बारीक खडी किंवा मुरूम पसरतात आणि पाण्याच्या निचऱ्याची सोय आधी करतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पार्व्होचा विषाणू मातीत दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे लसीकरणाचा दाखला मागितला जातो, लस पूर्ण न झालेल्या पिलांना आणि माजावर आलेल्या कुत्रीला प्रवेश नसतो.

जेथे वेगळी जागा नाही तेथे वेळ वाटून घेतली जाते. न्यूयॉर्कच्या अनेक उद्यानांत रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळात कुत्र्यांना मोकळे सोडण्याची मुभा कित्येक वर्षे केवळ रिवाज म्हणून चालू होती. २००६ मध्ये एका नागरी संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले, आणि २००७ मध्ये तिला रीतसर नियमाचे रूप मिळाले. कुंपण घालण्यापेक्षा घड्याळाने जागा वाटणे आम्हांला अधिक समंजस वाटते. त्यात पहाटे कुत्रा धावतो, दुपारी मूल खेळते आणि जमीन कोणा एकाची होत नाही.

या सगळ्या नियमांना एक अदृश्य पात्र लागते. दाखला दाखवणारा, घाण उचलणारा, भांडण लागले की हाक मारून कुत्र्याला आवरणारा मालक नसेल तर यांतील एकही नियम चालत नाही. श्वान-उद्यान नाव कुत्र्याचे घेते. त्याची घडी मात्र माणसामाणसांतील विश्वासाची आहे.

५

ही संस्था आपल्याकडे आणताना प्रथम भाषेपाशी थांबावे लागते. इंग्रजीत रस्त्यावरच्या कुत्र्याला 'स्ट्रे' म्हणतात, म्हणजे घरापासून भरकटलेला. त्याने घर कधी पाहिलेलेच नसले तरी शब्द ते गृहीत धरतो. वसाहतकाळातील इंग्रजांनी आपल्याकडील कुत्र्याला 'परिया' हे विशेषण लावले. हा शब्द तमिळ प्रदेशातील परैयर या दलित जातीच्या नावावरून आला. एका समाजावरचा बहिष्कार असा एका प्राण्याच्या नावात गोठला. मराठीत 'बेवारशी' म्हणजे वारस नसलेला, 'मोकाट' म्हणजे आवर नसलेला, 'भटका' म्हणजे ठिकाण नसलेला. या सर्व शब्दांत काहीतरी 'नसणे' आहे. 'गावकुत्रा' हा एकच शब्द त्या कुत्र्याला पत्ता देतो. तो कोणा एकाचा नाही, पण गावाचा आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा याच गावकुत्र्याची आहे.

मालकी नसलेल्या कुत्र्याशीही नाते असू शकते, हे मुंबईने १८३२ मध्ये इंग्रज सरकारला दाखवून दिले होते. उन्हाळ्यात रस्त्यावरची कुत्री मारण्याचा जुना हुकूम त्या वर्षी वाढवण्यात आला आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस असल्याने शिपायांचा उत्साहही वाढला. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृत्यूनंतरच्या 'सगदीद' या विधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडणे आवश्यक मानले जाते. ६ जून रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्ट भागात जमावाने कुत्री मारणाऱ्यांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, सैन्याला होणारा पुरवठा अडवला गेला आणि पारशांबरोबर हिंदू, जैन व मुसलमान मंडळीही या हरताळात सामील झाली. सरकारने लष्कर बोलावून दंगा मोडला आणि धरपकड केली. अभ्यासक या घटनेत धार्मिक भावनेबरोबरच कंपनी सरकारच्या वाढत्या हस्तक्षेपाविरुद्धची नाराजीही पाहतात, आणि ते योग्यच आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ज्यांच्यासाठी शहर बंद पडले ती कुत्री बहुतांशी कोणाच्याच मालकीची नव्हती. फ्लशसाठी खंडणी मोजली गेली ती तो एका बाईचा होता म्हणून. फोर्टातील कुत्र्यांसाठी लोक उभे राहिले ते ती रस्त्यावरची होती तरीही.

अर्थात या परंपरेचे गोडवे गाऊन आजचा प्रश्न सुटत नाही. जगातील रेबीजच्या बळींपैकी एक-तृतीयांशाहून अधिक भारतात असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चावा बसतो तो बहुधा पायी चालणाऱ्याला, उघड्यावर खेळणाऱ्या मुलाला. ज्याच्या घराला फाटक आहे त्याने ज्याच्या घराला ते नाही त्याला भूतदयेचे पाठ देणे शोभत नाही. २००१ च्या नियमांनी मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लसीकरणाचा मार्ग स्वीकारला. २०२३ च्या सुधारित नियमांत अशा प्राण्यांना 'समाजाचे प्राणी' या अर्थाचा शब्द आला आणि त्यांना खाऊ घालण्याच्या जागा मुलांच्या खेळाच्या जागांपासून दूर ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थांवर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रथम दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी, मोठ्या खंडपीठाने तो बदलून निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, रेबीजबाधित आणि आक्रमक वगळता, मूळ जागी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतून पकडलेली कुत्री तेथे परत सोडू नयेत, असे ठरले. या साऱ्या आदेशांत न्यायालय एकाच प्रश्नाशी झगडताना दिसते : मालक नसलेल्या जीवाची सार्वजनिक जागा कोणती?

श्वान-उद्यानाकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, कारण त्याचा जन्मच हा प्रश्न मिटवून टाकलेल्या शहरांत झाला. २०१८ मध्ये हैदराबादच्या महापालिकेने कोंडापूर भागात कुत्र्यांसाठी खास उद्यान उभारले. अशी उद्याने आणखी व्हावीत. शहरातल्या कोंडलेल्या पाळीव कुत्र्याला धावायला जागा हवी, आणि मालकांना घाण उचलण्याची सवय लागली तर पदपथांचेही भले होईल. परंतु ज्या पडीक तुकड्यावर कुंपण घालायचे तेथे आपल्याकडे आधीच चार कुत्री राहत असतात आणि बहुधा कोणीतरी त्यांना रोज भाकर टाकत असते. त्यांना लस टोचून, निर्बीजीकरण करून, शेजारीच खाण्यापिण्याची जागा नेमून द्यायची, की पाटी लावण्यापूर्वी त्यांना हाकलून द्यायचे, याचा निर्णय उद्यानाच्या आराखड्यातच झाला पाहिजे. उद्घाटनानंतर तो रखवालदाराच्या काठीवर सोपवला जातो, असा अनुभव आहे.

बर्कलीकडून घेण्यासारखी गोष्ट दुहेरी फाटकाची नाही. जो जागा वापरेल त्याने ती राखावी, ही तेथील शिकवण आहे. मुंबईच्या १८३२ मधील लोकांकडून घेण्यासारखी गोष्ट याहून अवघड आहे : जे आपल्या मालकीचे नाही त्याचीही जबाबदारी घेता येते. या दोहोंची सांगड घालणारे उद्यान कोणत्याही शहरात तयार सापडणार नाही. ते घडवायचे तर प्रथम फाटकावरच्या पाटीचा मजकूर नव्याने लिहावा लागेल, आणि त्यात मागून आपण होऊन चालत आलेल्या कुत्र्यासाठीही एक ओळ असावी लागेल.